दाराकडे वळलेलं गलबत

“आधी मोठा पाळणा, मग जेट-बोट!” क्लोविस ओरडला.

“आणि उलटी झाली की तूच पुसायचीस!” त्याच्या थोरल्या बहिणीने, मार्गोने, बजावलं.

मॉन्ट्रियलला आजी-आजोबांकडे सुट्टीला आल्याची ती पहिलीच सकाळ. धाकटी झेली मात्र बाल्कनीकडे बघत होती. आजोबा आपली बशी घेऊन बाल्कनीत बसले होते आणि आजी आत.

“आजी, आजोबांशी कट्टी आहे का गं?” तिने विचारलं.

“त्यांनाच विचार!” आजीने पॅनकेकवर मेपलचा इतका पाक ओतला की तो बशीबाहेर ओघळला.

“बरं, पण आधी बंदरावरच्या चॅपेलमध्ये रेमीकाकासाठी मेणबत्ती लावायची ना?” मार्गोने विचारलं. दर सुट्टीत आजीच त्यांना न्यायची.

आजीचा चेहरा उतरला. “तुम्हीच जा, बाळांनो.”

खलाशांच्या त्या चॅपेलच्या छताला साखळ्यांनी छोटी छोटी लाकडी गलबतं टांगलेली होती. घरातलं कुणी समुद्रावर गेलं की त्याच्या नावाचं गलबत इथे लागायचं, नाळ म्हणजे पुढचं टोक वेदीकडे करून. म्हणजे तो घराकडे येतोय. तो आता येणार नाही हे घरच्यांनी मनाशी मान्य केलं, की ते नाळ दाराकडे वळवायचे आणि सगळे मिळून निरोपाचं गाणं म्हणायचे. मार्गो तान्ही होती तेव्हा रेमीकाका, आजी-आजोबांचा मुलगा, मासेमारीला गेला. त्याची बोट कधी सापडलीच नाही. त्याचं गलबत मात्र कुणी वळवलं नव्हतं.

“मार्गो! वर बघ!” क्लोविस किंचाळलाच. काकाचं गलबत दाराकडे तोंड करून लटकत होतं!

“आजोबांनी वळवलं असणार,” झेली म्हणाली.

“छे! मग आजोबा का रुसतील? रागावून आजीच बसली असती ना!” मार्गो बोलता बोलता थांबली. “अरे, पण आजीचाही चेहरा उतरलाय. दोघांनाही वाटतंय की दुसऱ्याने वळवलं!”

“मग वळवलं कुणी?”

तेवढ्यात पर्यटकांचा घोळका आत शिरला आणि त्याच गलबताचे धडाधड फोटो काढू लागला. पुढे होता नवा गाइड गॅस्पार. क्लोविसने डोळे मिचकावले. “मार्गो, फादरना बोलावून आण. गपचूप!”

काळा चष्मा चढवून तो घोळक्यात घुसला. “वा, काका! बाकीच्या गलबतांचं नुसतं ढुंगण दिसतं. ह्याचंच तोंड कसं हो दिसतं?”

सगळे हसले. गॅस्पारची छाती फुगली. “माझी कल्पना, पोरा! नाळेवर हा कोरलेला पक्षी, आणि फोटोत दिसतच नव्हता. शिडी लावली आणि दिलं फिरवून!”

“कुणाला विचारलंत?” मागून फादरचा आवाज आला.

गॅस्पारने वळून पाहिलं. फादरनी त्याला हळू आवाजात त्या गलबताचा अर्थ सांगितला, तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात चुरगळत राहिला.

फादरचा फोन गेल्यावर आजी-आजोबा एकाच बसने आले, पण बसमध्ये दोन टोकांना बसून. मुलांनी सगळं सांगितलं.

“मला न विचारता पोराला निरोप दिलास, म्हणून चिडलो होतो मी,” आजोबा पुटपुटले.

“मी चिडले नव्हते रे, अन्सेल्म. मला वाटलं, तुझ्या मनाने ते मान्य केलं. माझं करत नव्हतं. म्हणून तुला तोंड दाखवत नव्हते.”

“आत्ता सरळ करतो!” गॅस्पार शिडी घेऊन धावला.

“थांबा,” आजी म्हणाली. ती बराच वेळ वर बघत राहिली. “उघड्या दाराकडे निघालंय. किती शांत दिसतंय ना?”

आजोबा बाकावर बसले. त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि मान डोलावली.

“राहू द्या, फादर,” ते म्हणाले.

गॅस्पारने शिडी भिंतीला टेकवून ठेवली. “मला क्षमा करा,” तो म्हणाला. आजीने त्याच्या गालाला हात लावला.

“पोरांनो,” फादर म्हणाले, “इथे रोज येऊन आम्हाला जे दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत. शाबास!”

पण मार्गोला शाबासकी ऐकवेना. तिने झेलीला कुशीत घेतलं. क्लोविसने चष्मा काढला. त्याचे डोळे भरून आले होते.

फादरनी निरोपाचं गाणं सुरू केलं. आजोबांनी सूर धरला, गाण्यातल्या, खलाशांना दर्यावर सांभाळणाऱ्या माउलीला हाक मारली, आणि रेमीच्या नावापाशी ते अडखळले. पुढची ओळ त्यांना म्हणता येईना.

ती आजीने म्हटली.