मनगटावरचा गंडा

पटत नसेल तर सोडून द्या. पण ते लाल पाणी माझ्या आजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आजोबा थापा मारणाऱ्यांतले नव्हते.

साल १९११. बडोदे. वैशाखातला शुक्रवार, दुपारचे तीन.

आजोबांचे थोरले भाऊ जगदेवराव सुरसागर तळ्याच्या पायरीवर बसले होते. दिवसा कचेरीत कारकून, संध्याकाळी सतारीचे शिष्य. सात वर्षांपूर्वी मुनव्वरखाँ उस्तादांनी त्यांच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला होता. गंडा. तो बांधला की माणूस त्या गुरूचा. दुसरीकडे शिकायचं तर आधी त्याच गुरूच्या हातून सोडवून घ्यायचा.

सात वर्षांत उस्तादांनी एकच राग शिकवला. यमन. मैफलीत वाजवू का, विचारलं की उत्तर ठरलेलं, "अभी नहीं."

जगदेवरावांना तर येत्या गणपतीतच वाजवायचं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

दुसरे एक उस्ताद चार महिन्यांत द्रुत गत, म्हणजे जलद लयीतली रचना, बसवून द्यायला तयार होते. जुन्या उस्तादांसमोर तोंड उघडायची हिंमत होईना. जगदेवरावांनी खिशातून अडकित्ता काढला...

कट्.

दोरा पाण्यात पडला. तरंगला नाही. दगडासारखा तळाला गेला.

पुढच्या शुक्रवारी नव्या उस्तादांनी विचारलं, "किसी और का गंडा तो नहीं?"

"नाही."

धडधडीत खोटं.

उस्तादांनी दोरा बांधला. गाठ सुटली. पुन्हा बांधला... पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी रिकाम्या मनगटावरून अंगठा फिरवला आणि हात झटकन मागे घेतला.

"यहाँ तो बँधा हुआ है. गीला है."

मनगटावर काहीच नव्हतं.

उस्ताद आत गेले आणि दार लावून घेतलं.

जगदेवराव तसेच मुनव्वरखाँच्या घरी धावले. पाय धरू, गंडा सोडवून घेऊ. पडद्याआडून उस्तादांची बायको म्हणाली, "वो तो पिछले जुम्मे को गुज़र गए. दोपहर तीन बजे."

आता सोडणार कोण?

तरी माणूस हट्टी. गणपतीत वाजवायला बसलेच. नखी चढवली, हात उचलला...

हात खाली येईना.

कुणीतरी मनगट आवळून वर ओढत होतं. बोटं निळी पडली. लोक आधी हसले. मग हसेनात.

घरी बायकोने, गंगाबाईंनी, त्यांचा हात कोमट पाण्यात धरला. आजोबा शेजारीच उभे होते.

पाणी लाल झालं.

"अहो, लागलंय कुठं?" गंगाबाई हात उलटासुलटा करून बघत राहिल्या.

लागलं कुठंच नव्हतं. पहिल्या धुण्यात नव्या दोऱ्याचा रंग जावा, तसा रंग जात होता.

म्हणजे गंडा नव्याने बांधला होता.

जगदेवराव पुढे पंचवीस वर्षं जगले. सतारीला पुन्हा हात लावला नाही. अंघोळीचं पाणी मात्र रोज लाल.

ती सतार आता माझ्याकडे आहे. तारा काढून ठेवल्यात. परवा पुसायला घेतली आणि नंतर हात धुतले...

पाणी स्वच्छ होतं.

तरी तीनदा धुऊन पाहिलं. अजूनही रोज बघतो.