आईची बंद नोंद

प्रतिमनालयातली कामाची पाळी संपली की शर्वरी इंगोले दर शनिवारी अकोल्याच्या सार्वजनिक वाचनालयात जायची आणि हात हलवत परत यायची. जन्मदातीचा शोध चालला होता तिचा. आई कोण, आणि तिनं आपल्याला का टाकलं, एवढंच तिला हवं होतं. जन्म-मृत्यूच्या सूचीत ती आपली जन्मतारीख घालायची, आणि मेलं ते यंत्र दर वेळी तेच सांगायचं : नोंद बंद.

"ताई, दत्तक दिलेल्या मुलाची नोंद आईच्या मरणानंतर, नाहीतर तिच्या संमतीनंच उघडते," ग्रंथपाल धाबेकर म्हणाले. "अन् आताशा मरतं कोण, बाप्पा? शरीर गेलं तरी मनाची नक्कल, म्हणजे तुमचं ते प्रतिमन, चालूच. कायद्याला ते जिवंतच."

"मग आईनंच संमती द्यावी की!"

"नोंदीवर प्रतिमनाची खूण आहे, ताई. अन् प्रतिमनाची सही चालत नाही. कोणीतरी शोधलं, एवढं आम्ही त्याला कळवतो. कोणी, ते नाही."

"त्याची सही एकाच अर्जावर चालते," शर्वरी वैतागून म्हणाली. "'मला बंद करा' या. तो अर्ज आमच्याकडे येतो."

सोमवारी तसलाच एक अर्ज तिच्यापुढे आला. अर्जदाराचं नाव कर्मचाऱ्यांना दाखवत नसत. नुसता आवाज ऐकू यायचा. बंद करायची ही बटणं दाबून दाबून शर्वरी पार विटली होती. कुणाच्या जाण्याचं आता काहीच वाटत नाही, याचंच तिला वाईट वाटायचं. नियम म्हणून तिनं कारण विचारलं.

"दर शनिवारी कोणीतरी मला शोधतंय हो," एका बाईचा आवाज आला. "किती वर्षं झाली! मी गेले की लेकराला निदान माझं नाव तरी मिळेल. उरका बाई आता."

"तुम्हाला कोण म्हणून शोधतात?"

"बहात्तर सालच्या पाच मार्चला अकोल्यात झालेल्या मुलीची आई."

शर्वरीचं बोट बटणावर टेकलेलं होतं. तिनं ते अलगद उचललं.

"नका बंद होऊ," ती म्हणाली. "त्या मुलीला नुसतं नाव नकोय."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मीच ती. मला का टाकलंत, तेवढं सांगा."



"किती दमलाय गं तुझा आवाज," आई म्हणाली. "खुर्ची ओढ, बस आधी. सांगते."