खास आकर्षण : मास्टर श्रावण

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्यासमोर घडलंय. ११ मे १९६९, रविवार, अकोला. आणि रात्र नव्हती, टळटळीत दुपार होती.

मी धर्मपाल. तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचो. धाकटा भाऊ देवराव इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. तारा ओढून ओढून ती अशी रडवायचा की आमचे बाबा म्हणायचे, पोरगं कामातून गेलं. अमरावतीच्या कॉलेजातली पोरं मात्र त्याच्यामागे वेडी होती.

त्या संध्याकाळी त्याचा पहिला मोठा कार्यक्रम होता. भिंतींवर माझी रंगांची भडक चित्रं, मंचावर तो. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राचा माणूस ऐकायला येणार होता. आवडलं तर देवरावचं आयुष्यच बदललं असतं.

जाहिरात खुशालरावांकडे. टांग्याला भोंगा लावून ते गावभर पुकारायचे.

"नुसत्या देवरावले पाहाले कोन येते बे?" ते म्हणाले. "खास आकर्षण पायजे. मुंबईचा कोनी टाक."

"कोन?"

"कोनीबी टाक! मास्टर श्रावण. आयत्या वेळी बिमार पडला म्हनू."

तेव्हा सगळेच हे करायचे. मीही केलं. हॉलच्या दारावर लावायच्या कापडी बोर्डावर गिटारवाला काढला. चेहरा सुचेना, म्हणून केस तोंडावर ओढले. हात काढण्यात मी पहिल्यापासून कच्चा. उजवा कसाबसा जमला. डाव्याच्या जागी रंगांची वेटोळी फिरवून मोकळा झालो.

दुपारी दोन वाजता मी हॉलमध्ये एकटाच चित्रं टांगत होतो. देवराव गिटार मंचावर ठेवून जेवायला घरी गेला होता. झळा नकोत म्हणून दार आतून लावलेलं.

आणि गिटार वाजली...

मंचावर.

अँप्लिफायरची वायर काढून जमिनीवर टाकलेली होती. तरी आवाज घुमत होता. एकच सूर. मोकळ्या तारेचा. बोट कुठेच दाबलेलं नाही...

"कोन हाये?"

सूर थांबला.

खुर्चीवर एक माणूस बसला होता. मान खाली. केस तोंडावर. उजवा हात तारांवर. आणि डावी बाही...

रिकामी.



"बोलावलंत ना?" तो हळूच म्हणाला. "मग दुसरा हात द्या."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"दादा, दार उघड ना! लय ऊन हाये!"

मी धावत जाऊन दार उघडलं. देवराव आत आला आणि माझ्या मागून आवाज आला...

"हा चालेल."

वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

देवरावला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही. कार्यक्रम मोडेल, त्याचं मुंबईचं राहून जाईल, असं वाटलं.

सहा वाजता खुशालरावांनी मास्टर श्रावणच्या आजारपणाची घोषणा केली. लोकांनी आरडाओरडा केला. देवराव पुढे आला. तार छेडली.

मोकळी तार.

पुन्हा छेडली...

मोकळी तार.

तो माझ्याकडे पाहत होता.

"दादा, डावा हात हालून नाई राहिला."

डॉक्टर झाले, नागपूर झालं. हाड ठीक, नस ठीक. पण हात थंडगार. तो मुंबईला कधीच गेला नाही.

पण मला खरी भीती वाटते ती दुसऱ्या सकाळची. मी बोर्ड उतरवायला गेलो, तर वेटोळ्यांतून डावा हात बाहेर आला होता. गिटार घट्ट धरलेला. इतका जिवंत हात मला जन्मात काढता आला नसता. अंगठ्याजवळ विळ्याने कापल्याची खूण होती. देवरावच्या हातावर आहे, तीच.

मी घाबरलो. काही विचार न करता बोर्डावर घासलेट ओतून काडी लावली.

घरी पोचलो तर आई दारात रडत उभी.

"कुठं होतास रे? देवराव किंचाळून उठला. हात जळून राहिला म्हने..."

त्यानंतर त्या हाताला कधीच काही जाणवलं नाही.

देवराव आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. बोर्ड ठेवला असता तर कदाचित हात परत मागता आला असता... हे त्याला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी त्याला ओळखत असेल, तर कृपा करून सांगू नका.