बोथट वस्तरा

चाकणच्या कंपनीत ज्ञानेशचं काम तपासणीचं. नापास झालेला माल फेकायचा नाही, त्याला लाल टॅग लावून, वार आणि वेळ लिहून बाजूला ठेवायचा, हा तिथला नियम. तो त्याच्या अंगात इतका मुरला होता, की चिखलीतल्या घरी फुटका कपसुद्धा तो चिठ्ठी लावून ठेवी. त्याची बायको विजयश्री यावर पोट धरून हसे.

वस्तरा त्याने दापोडीहून आणला. मीरासाहेबांच्या सलूनमध्ये तो वर्षानुवर्षं खणात पडून होता. मूठ पिवळट हाडाची, पात्यावर गंजाचे दोन ठिपके.

“धार लावायला शिकायचंय, चाचा.”

“घेऊन जा. माझ्या अब्बांचा आहे. मी कधी दगडावर धरला नाही.”

“का?”

मीरासाहेबांनी गिऱ्हाइकाच्या कानामागचा फेस पुसला. “मला तेवढी वाट बघता येत नाही, बाबा.”

पहिला धडा सोपा असतो. पातं ओल्या दगडावर सपाट टेकवायचं, पाठ आणि धार दोन्ही एकदम. धार पुढे ठेवून सरकवायचं, टोकाला पोचलं की पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही. हाताचा जोर द्यायचा नाही. धारेच्या कडेला काळ्या मार्करची रेघ ओढून ठेवायची. शाई जिथे उरली, तिथे दगड पोचला नाही असं समजायचं. ज्ञानेशची दुसरी शिफ्ट असल्याने सकाळ मोकळी होती. रविवारी गॅलरीत पाटावर बसून त्याने दोनशे फेरे मारले. शाई साफ निघाली.

मग परीक्षा. विजयश्रीच्या कंगव्यातला लांब केस त्याने चिमटीत धरला आणि त्यावरून पातं नेलं. धार चांगली असेल तर केस तुटतो, बोथट असेल तर वाकतो. हा तुटला नाही. वाकलाही नाही. पातं पलीकडे गेलं आणि केस होता तसा लोंबत राहिला.

नापास. त्याने तो चिकटपट्टीने खिडकीच्या चौकटीला लावला. शेजारी लाल टॅग : रविवार, १०.२०.

सोमवारी आणखी तीनशे फेरे. केस नापास, ९.०५. वर्तमानपत्राचं पान नापास, ९.१०. पान टॅगसकट टेबलावर ठेवलं.

मंगळवारी विजयश्री अंघोळ करून केस पुसत बाहेर आली आणि खिडकीपाशी थबकली.

“अहो साहेब, माझे केस वाळत घातलेत होय? त्यापेक्षा द्या तो वस्तरा इकडे, भेंडी चिरते. नको, भेंडीला नाही झेपायचा. पावाला लोणी लावायला बरा आहे.”

त्याला हसता आलं असतं. पण पाचशे फेऱ्यांनी मनगट सुजलं होतं, आणि कंपनीत त्याला कुणी हसत नसे. त्याने मागून तिचे ओले केस मुठीत धरले, मान वर केली, आणि पातं तिच्या गळ्यावरून या कानापासून त्या कानापर्यंत ओढलं.

“बघ. होतंय काही?”

ती हलली नाही. मग तिने गळ्यावरून सावकाश हात फिरवून पाहिला. हात कोरडा. साधा ओरखडाही नाही.

“वेडे आहात का तुम्ही?” ती हळूच म्हणाली. “चेष्टेत तरी असं करतं का कुणी?”

दिवसभर ती बोलली नाही. ज्ञानेशला त्याचं बरंच वाटलं.

बुधवारी अकराच्या सुमारास त्याचं लक्ष गेलं, तर चौकटीवरचा पहिला केस अर्धाच होता. उरलेला खाली पडलेला. खिडकी बंद होती. हिनेच सूड घेतला असणार, असं तो समजला.

दुसरा केस तोडताना तिला पकडायचं म्हणून गुरुवारी नऊपासून तो खिडकीसमोर स्टूल टाकून बसला. विजयश्री खाली भाजी आणायला गेली होती. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली, आणि कुणीही जवळ नसताना केस मधोमध तुटून खाली आला.

त्याने टेबलाकडे पाहिलं. पान अखंड होतं. पाच मिनिटांनी त्याचा अर्धा भाग सावकाश जमिनीवर घसरला. कड पट्टीने आखल्यासारखी सरळ.

तीन दिवस. मिनिटाचाही फरक नाही.

मंगळवारच्या मालाला त्याने टॅग लावला नव्हता.

सलूनच्या दारातच मीरासाहेबांनी त्याचा चेहरा पाहिला आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला बाहेर बसायला सांगितलं.

“कुणावर?”

“बायकोवर.”

“कधी?”

“परवा.”



“तिला सांगू नकोस,” म्हातारा म्हणाला. “अब्बांनी अम्मीला सांगितलं होतं.”

शुक्रवारी तो पाचलाच उठला.

“मंगळवारी मी ते केलं, तेव्हा किती वाजले होते गं?”

“का? मलाही लाल टॅग लावताय?” तिचा राग निवळला होता. “मी काय तेव्हा घड्याळ बघत होते?”

आठनंतर आणि साडेदहाच्या आत. एवढंच त्याला आठवत होतं.

“चल, दवाखान्यात जाऊ.”

“तुम्हाला काय झालंय?”

“मला नाही.”

“मग कुणाला?”



साडेआठ. ती कणीक मळायला वाकली की त्याचे हात पुढे होत.

“बस ना जरा. हलू नकोस.”

“आणि पोळ्या कोण लाटणार, तुमची कंपनी?”

नऊ.

पावणेदहा. तिने दूध तापत ठेवलं.

शेवटी त्याने हाताला धरून तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मागे उभा राहून दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. आवळला नाही. दोन कडा जुळवून धराव्यात, तसा धरला.

ती लाजली. “माफी मागताय वाटतं?”

“हो.”

“मग तोंडाने म्हणा की.”

त्याने तोंड उघडलं.

“अहो, दूध—”

दूध उतू गेलं. गॅस विझला.

तिच्या डोक्याचा भार हळूहळू त्याच्या तळहातांवर उतरला. सगळा.

समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईने खिडकीतल्या त्या दोघांना पाहिलं, आणि गालातल्या गालात हसत तोंड फिरवलं.