येतो, मॅडम

काम म्हणाल तर साधंच होतं. वरठीहून भंडाऱ्याला जायचं, कुरिअरच्या दुकानात एक डबा द्यायचा आणि परत यायचं. डब्यात लाखोळीची डाळ, घरचं तिखट आणि कुरडया होत्या. वर पत्ता हनोईचा. काकूंची रीना महिन्यापूर्वी तिथे इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू झाली होती, आणि तिला तिथलं जेवण काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं. डबा पोचवायला काकूंना साऱ्या वरठीत रश्मीच सापडली.

"तुहीच बहीण होय नं वो," काकू म्हणाल्या.

बहीण होतीच, चुलत. सगळं दुखणं तिथंच तर होतं.

रीनाला इंग्रजी शिकवलं कोणी? रश्मीने. बारावीपर्यंत 'ही गो' म्हणणारी पोरगी ती! दोघींनी एकत्र ऑनलाइन कोर्स केला, हनोईच्या त्याच नोकरीसाठी एकाच आठवड्यात मुलाखती दिल्या. नमुन्याच्या धड्यासाठी रीनाला काही सुचेना, तेव्हा रश्मीने आपला बाजाराचा धडा तिला देऊन टाकला. टेबलावर वांगी-टमाटे मांडायचे आणि पोरांना इंग्रजीत भाव करायला लावायचा. त्याच धड्यावर रीना निवडली गेली. रश्मीला दोन ओळींचं उत्तर आलं, आपल्या उत्साहाबद्दल आभार म्हणून. ते वाचून तिने मोबाईल पालथा ठेवला आणि जाऊन रीनाला पेढा भरवला. तो पेढा बोटासकट तिच्या घशात कोंबावा असं तिला वाटलं होतं, हेही खोटं नाही.

त्यानंतर रोज फोटो. रीनाची खोली, खिडकीतून दिसणारं तळं, लाल प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून खाल्लेल्या शेवया. आज मी एकटीने रस्ता ओलांडला, आज मी काड्यांनी भात खाल्ला. प्रत्येक फोटो रश्मी सगळ्यांच्या आधी पाहायची आणि उत्तर मात्र संध्याकाळी द्यायची, 'मस्त' एवढंच.

कुरिअरवाल्याने डबा उघडून पाहिला, यादी लिहून घेतली आणि पावतीपुस्तक आणायला आत गेला. रश्मीच्या पर्समध्ये परदेशासाठी काढलेले पासपोर्ट फोटो तसेच पडून होते, निळ्या पडद्यापुढचे. तिने त्यातला एक काढला आणि डाळीत खुपसला. मग डब्यावर वाकून हळूच म्हणाली, "मी जातो."

आता हे तिने म्हणायला नको होतं. आपल्याकडे निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही, 'येतो' म्हणायचं. रश्मीची आई, वच्छलाबाई, या एका शब्दासाठी पाहुण्यालाही उंबऱ्यातून मागे बोलवायची. रश्मी गावातल्याच शाळेत शिकवायची, तिच्या वर्गात तर तो नियमच होता. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण सुटताना 'बाय' चालायचं नाही. सगळ्या पोरांनी 'येतो, मॅडम' म्हणायचं आणि मगच दप्तर उचलायचं. म्हणजे तिला कळत नव्हतं असं नाही. कळून सवरून म्हणाली.

बारा दिवसांनी रीनाचा फोन आला.

"डबा भेटला वो! पन तुहा फोटो काहून टाकला त्यात?"

"चुकून पडला असंन."

"राहू दे. मी वर्गात लावला, फळ्याच्या बाजूले. पोरायले सांगतलं, ही माही टीचर."

माणूस वाईट वागलं असतं तर बरं, निदान रागावता तरी येतं. रश्मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

पुढच्या आठवड्यात ते सुरू झालं. दुपारचे अडीच, सहावीचा तास. म्हणजे हनोईत चार, रीनाच्या वर्गाची वेळ. रश्मी फळ्यापुढे उभी होती. बाहेर मार्चचं कोरडं ऊन, आणि तिच्या नाकात कुठून तरी ओल्या छत्र्यांचा वास शिरला. मागोमाग मासळीच्या रश्शाचा. मग लहान पोरांचा गलका, दूरचा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. ती बोलतच राहिली. पहिल्या बाकावरच्या कामिनीने हात वर केला.

"मॅडम, तुम्ही बोलून राहिल्या... पन आवाज येऊन नाही राहिला."

रश्मीने आपल्या हाताकडे पाहिलं. हातात खडू होता, पांढरा, आणि बोटं हिरवी होती. मार्करच्या शाईने. तिच्या शाळेत मार्कर नव्हता, मार्करने लिहायचा फळाही नव्हता.

नळाखाली तिने हात चोळचोळून धुतले. शाई निघाली नाही. भीती वाटायला हवी होती, पण तिला वाटला तो आनंद. घरी जाताना ती सायकल एका हाताने धरून दुसऱ्या हाताची बोटं हुंगत होती.

त्या शनिवारी रीनाचा चेहरा पडद्यावर उतरलेला दिसला.

"रश्मी... पोरं माह्याकडं पाहतच नाहीत."

"काहून?"

"मागच्या कोपऱ्यात एक खुर्ची हाय. रिकामी. सारे तिकडंच पाहतेत. मी काही विचारलं का उत्तर तिकडं तोंड करून देतेत. आन् सुटताना..." ती पडद्याजवळ सरकली. "सुटताना तिकडं वळून म्हनतेत, येतो मॅडम."

"तूच शिकवलं असशीन."

"नाही वो... मले तं त्याची याद बी नव्हती. आन् तुहा फोटो..."

"काय झालं फोटोले?"

"त्यात तू नाहीस. निस्ता निळा पडदा हाय."

पलीकडे कुठेतरी स्कूटरचे हॉर्न वाजत होते.

"मोठ्या मॅडम म्हनतेत, तुहा वर्ग दुसरीले देऊ. मी काय करू? फोटो परत पाठवू का? तू सांग, तू म्हनशीन तसं करतो."

एवढीच वेळ होती. पाठव म्हणाली असती तर ही गोष्ट तिथंच मिटली असती. लहानपणी एका ताटात जेवलेली पोर समोर रडवेली बसली होती, आणि रश्मीच्या डोळ्यांपुढे फक्त तो वर्ग होता, तळ्याकाठचा.

"राहू दे," ती म्हणाली. "लागलाय तिथंच राहू दे."

पुढचा बुधवार सुट्टीचा होता. रश्मी समोरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, आत वच्छलाबाई चहा टाकत होत्या. अडीचला व्हिडिओ कॉल आला. रीना कुजबुजत बोलली.

"तूच पाहा..."

तिने मोबाईल वर्गाकडे फिरवला. वीसेक पोरं, सगळ्यांच्या माना मागे वळलेल्या. कोपऱ्यात टेबल मांडलेलं, त्यावर वांगी, टमाटे. आणि टेबलामागे पाठमोरी एक बाई भिंतीवर कागद चिकटवत होती. लांब वेणी, डाव्या खांद्यावर किंचित तिरकी. ती वेणी रश्मीने सकाळीच घातली होती.

माझा धडा, तिच्या मनात आलं. माझा वर्ग. पोचले मी एकदाची! छाती भरून आली तिची. रीना रडत होती ते तिला ऐकूही आलं नाही.

घंटा झाली. पोरं उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "येतो, मॅडम."

तेव्हा रश्मीची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे छोट्या चौकटीत आपलं आपल्याला दिसतं ना, तिथे. चौकटीत मागची भिंत होती. कॅलेंडर होतं. खुर्चीची पाठ होती.

तिने हात हलवला. चौकटीत काही हललं नाही.

"रश्मे, च्या घे," म्हणत वच्छलाबाई बाहेर आल्या. खुर्चीपाशी थबकल्या. कप स्टुलावर ठेवला, मागच्या अंगणात डोकावून आल्या, दारात पाहिलं. चपला जागच्या जागी होत्या.

"आई, मी इथंच हाय!" रश्मी ओरडली. आवाज फुटला नाही.

वच्छलाबाईंनी खुर्चीवर पडलेला मोबाईल उचलला. "रीना, आत्ता तं इथं बसली होती वो ही... कुठं गेली? बाहेर जाताना येतो बी नाही म्हटलं पोरीनं."

येतो. तो शब्द रश्मीला आठवला. सगळा जीव गोळा करून ती म्हणाली, "येतो, आई... येतो..."

या वेळी आवाज फुटला. पण तो मोबाईलमधून आला, हनोईच्या त्या वर्गातून. दप्तरं उचललेली पोरं दारातून वळली, हसली, आणि हात हलवत ओरडली, "बाय, मॅडम!"

वच्छलाबाई किती तरी वेळ मोबाईल कानाशी धरून उभ्या होत्या.

स्टुलावरचा चहा तसाच राहिला. दिवेलागणीला त्यांनी कप उचलला तेव्हा तो अर्धा रिकामा होता. कपाच्या कानावर हिरव्या शाईची दोन बोटं उमटली होती, आणि कप अजून गरम होता.