फाट्यावरचा बाण

दिवा जरा अलीकडे घ्या. तुमचा चेहरा दिसत राहिला म्हणजे मला सांगायला बरं पडेल.

पर्यटकांच्या जागा धोक्याच्या नाहीत ना, हे तपासायची माझी नोकरी होती. होड्या, रोपवे, डोंगरावरच्या शिड्या. त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. तीन वर्षं बंद असलेली एक गुहा पुन्हा उघडायची होती. आत जायचं, संकटाच्या वेळी माणसं बाहेर कशी काढणार याचा सराव बघायचा आणि दाखल्यावर सही करायची. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

तीन वर्षांपूर्वी डोंगरमाथ्यावर अचानक पाऊस कोसळला आणि गुहेत पाणी शिरलं. दिवे गेले. मागे पडलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला आणायला गाइड वळला, तोवर पुढचे नऊ जण फाट्यापाशी पोचले होते. तिथून उजवी वाट चढून दाराकडे जाते, डावी खाली खड्ड्यात. अंधारात ते डावीकडे वळले. जोडप्याला उजव्या वाटेला लावून गाइड त्यांच्यामागे उतरला. म्हातारा-म्हातारी वाचली. बाकी दहाही जण गेले.

या वेळी माझ्यासोबत त्या गाइडची थोरली बहीण होती. गुहा पुन्हा उघडणार म्हणून भावाच्या जागी तिनेच हे काम धरलं होतं. सगळे तिला ताई म्हणत. मॅनेजर दारापाशी दिव्यांच्या बटणांजवळ बसला होता.

शेवटच्या दालनात जाता जाता ताईने सहज विचारावं तसं विचारलं, “साहेब, मागची तपासणी तुम्हीच केली होती ना? फाट्यावर बाण होता का हो?”

“होता,” मी म्हणालो. “पाण्याने नेला असेल.”

चौकशीतही मी हेच सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला होता.

दालनातल्या फोनवरून मी मॅनेजरला इशारा दिला. दिवे गेले. भोंगा वाजला आणि थांबला. मग असा काळोख झाला की डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेच कळेना. भिंतीला नवा दोर बांधला होता. तो धरून बाहेर पडायचं, एवढाच सराव. ताई पुढे, मी मागे.

वीसेक पावलं गेलो असू. दोराला मागून हिसका बसला. वाटलं, भिंतीतल्या एखाद्या कडीत अडकला असेल. मग पुन्हा बसला. मग एकामागे एक, हलके, जसे बरेच हात तो धरून चालत असावेत. ओल्या कपड्यांचा कुबट वास आला. गुहा तर ठणठणीत कोरडी होती.

“ताई… मागे कोणी आहे का?”

“चालत राहा, साहेब,” ती कुजबुजली. “दोर सोडू नका.”

पाणी भरलेल्या बुटांचा पचपच आवाज येत होता. मी थांबलो की तोही थांबायचा. माझ्या मानेवर गार श्वास लागत होता.

फाट्यापाशी ताई थांबली. आणि माझ्या कानाशी एक पुरुषी आवाज आला. शांत, दमलेला. रोज पन्नास माणसांना तेच तेच समजावणाऱ्या माणसाचा.

“साहेब… यांना कुठे वळवू? इथे बाण कुठाय?”

पुढचं मी कसं बोललो, मला माहीत नाही.

“बाण नव्हता,” मी म्हणालो. “मी इथवर आलोच नव्हतो. निम्म्यातून परत फिरलो आणि मॅनेजरच्या खोलीत चहा पीत कागद भरला… चुकलं माझं.”

दोर एकदम सैल पडला. पचपच आवाज डावीकडे वळला, खाली उतरत गेला आणि विरला.

आम्ही बाहेर आलो. घामाने माझा शर्ट अंगाला चिकटला होता. ताईने माझ्याकडे बघितलंही नाही. “जे आत बोललात ते लिहून द्या,” एवढंच म्हणाली.

त्याच संध्याकाळी दिलं. नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. गुहा उघडली नाही. चौकशी नव्याने सुरू झाली.

आठ महिन्यांनी चौकशीच्या कचेरीत ताई भेटली. जबाबावर तिने डाव्या हाताने सही केली, म्हणून बाहेर आल्यावर मी विचारलं, हाताला काय झालं?

“त्या दिवशी आत कोणीतरी माझ्या हातात हात दिला होता,” ती म्हणाली. “लहान हात होता, साहेब. फाट्यापर्यंत घट्ट धरून होता. मग सुटला.”

तिने उजवी मूठ उघडली. तळवा पांढराफटक होता, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. मी बघत असतानाच त्यातून पाण्याचा एक थेंब ओघळला. तिने तो पदराला पुसला, आणि दुसरा आला.