वरचे बारा

"दुकान बंद आहे," मी दाराकडे न बघताच म्हणाले.

"दार तर उघडं होतं."

"बाहेर पाटी लावलीय."

"पाटीवर 'चव चालू आहे' असं लिहिलंय. मला वाटलं… बोलावताय."

मी वळले. करड्या कोटातला एक उंच माणूस दोन्ही हातांनी खोकं छातीशी धरून उभा होता. केस अगदी पाणी लावून बसवलेले, आणि दाढीनंतर लावतात त्या कसल्याशा पाण्याचा लवंगेचा वास. हसला तर एकच गाल हसायचा. मला उगाचच राग आला.

आमचं दुकान म्हणजे मामाचं दारूचं दुकान. अकरा ते बारा तिथे विक्री बंद असते, कारण त्या तासात मी चाखते. मामाची पद्धत साधी आहे. तो बाटल्यांना आपले जुने लोकरीचे मोजे चढवतो, म्हणजे लेबल दिसत नाही. मग मी एकेक ग्लास हुंगायचा, घोट तोंडात फिरवायचा, भांड्यात थुंकायचा आणि चिठ्ठीवर दोन शब्दांत चव आणि एकच आकडा लिहायचा, शंभर रुपयांच्या हिशोबात… मी स्वतःच्या खिशातून याचे किती देईन? माझा आकडा मागितलेल्या किमतीच्या वर गेला तर बाटली फळीवर, नाहीतर आल्या पावली परत.

त्या महिन्यात मामाने सांगून ठेवलं होतं, "महिनाअखेरपर्यंत तुझी जीभ बघतो. टिकलीस तर पुढची सगळी खरेदी तुझ्या सहीने. नाही टिकलीस तर आहे ते गल्लाच सांभाळ." सहा वर्षं गल्ला सांभाळून मी कंटाळले होते. ती सही मला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

"बर्बन आहे," खोकंवाला म्हणाला. "मक्याची व्हिस्की. आतून जाळलेल्या नव्या पिंपात मुरवलेली. बावीसला देतो. ही मी निवडलीय, आमच्या साहेबांनी नाही. म्हणून एकदा चाखाच."

"चाखायला माझी ना नाही. तारीफ मात्र माझ्या तोंडून ऐकायची, तुमच्या नाही."

"तेच तर ऐकायला आलोय!"

मामा खोकला. मग त्याने ती बाटली आमच्या फळीवरच्या चार स्वस्त बर्बनांत मिसळली, पाचही बाटल्यांना मोजे चढवले आणि क्रम बदलला. आमचं टेबल अरुंद, त्यामुळे खोकंवाला माझ्या कोपराला खेटूनच उभा राहिला. मी चाखत होते आणि तो श्वास रोखून बघत होता. मी बघणारच नव्हते त्याच्याकडे… दोनदा बघितलं.

मोजे उतरले. त्याच्या बाटलीला मी अडतीस दिले होते.

"अडतीस!" त्याने आनंदाने टेबलावर थाप मारली, ग्लास खणखणले. मामाने भुवया वर केल्या आणि उद्या मोठी ऑर्डर देऊ म्हणाला. मी त्या दिवशी अधांतरी चालत होते.

संध्याकाळी चिठ्ठ्या वहीत डकवताना मात्र माझे पाय जमिनीला लागले. पाचही चिठ्ठ्यांवर मी 'मसाल्याची ऊब' लिहिलं होतं. पिवळ्या लेबलच्या बाटलीवरही! तिला मी वर्षभर नाक मुरडत नऊ देत आले होते, आणि आज तिला चक्क वीस.

चिठ्ठ्या माझ्याच हातात होत्या. पिवळीची चिठ्ठी नव्याने लिहून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि महिनाअखेर चार दिवसांवर होती. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण खोट्या आकड्यावर मिळालेली सही मी कोणत्या तोंडाने केली असती? मी वही उचलली आणि मामासमोर ठेवली.

"नाक गेलं का तुझं?" मामाने विचारलं.

"नाक जागेवर आहे. लवंग आड आली. त्याला परत बोलाव, काही न लावता."

दुसऱ्या दिवशी तो आला, केस विस्कटलेले. "नुसत्या पाण्याने आंघोळ केलीय. साबणसुद्धा नाही. आईने विचारलं, बरं वाटत नाहीये का?"

मी हसू दाबलं. पुन्हा मोजे, पुन्हा पाच ग्लास, पुन्हा तो कोपराशी. आज लवंगेचा मागमूस नव्हता. मी मन लावून चाखलं, आकडे लिहिले. मामाने मोजे उतरवले, चिठ्ठ्या बघितल्या आणि चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं.

"पिवळीला एकोणीस," मामा सावकाश म्हणाला. "भाचीबाई, आज तर लवंग नाही."

माझे कान तापले. लवंग नव्हती… मग उरलं काय होतं? ते तर कोपराशी उभं होतं.

"तुम्ही बाहेर जा," मी त्याला म्हणाले.

"बाहेर म्हणजे… दाराशी?"

"रस्त्यापलीकडे. मला दिसायचं नाही."

"आणि बाटली हरली तर?"

"तर हरली. मी खोटा आकडा लिहिणार नाही. तुमच्यासाठी तर मुळीच नाही."

तो मान डोलावून बाहेर गेला.

मी कोरडा पाव खाल्ला, पाणी प्याले, अर्धा तास थांबले. मग खिडकीकडे पाठ करून बसले. चौथ्या ग्लासात आधी कच्च्या मक्याचा वास आला, मागोमाग व्हॅनिला आणि किंचित करपलेली साखर. तोंडात जराशी पातळ. पिंपाचा कडवटपणा आहे, पण टोचत नाही. चव फार रेंगाळत नाही, जाते तेव्हा नीट जाते. रोजच्या संध्याकाळी एक पेला घ्यावा, उगाच मिरवू नये, अशी. मी लिहिलं, सव्वीस.

मामाने मोजा ओढला. त्याचीच बाटली. पिवळीला नऊ.

"बावीसची वस्तू, सव्वीसचा माल," मामा म्हणाला. ऑर्डरचा कागद त्याने आपल्यापुढून उचलला आणि माझ्यापुढे सरकवला. "आपली चूक आपणच आणून दाखवणारी जीभ मला हवी होती. घे, सही तुझी."

घाईघाईत सही वाकडी आली. ती वाळायची वाट न बघता मी रस्ता ओलांडला.

औषधांच्या दुकानाशेजारी तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मला हसू फुटलं.

"वळा आता. फळीवर आलात."

"किती?" त्याने पुरतं वळायच्या आतच विचारलं.

"सव्वीस."

"सव्वीस…" एक गाल हसला, मग थबकला. "पण काल तर अडतीस होते."

"बाटलीचे सव्वीसच आहेत. नीट तपासलंय."

"मग वरचे बारा?"

"लवंगेचे नव्हते. तेही तपासलंय… मामासमोर."

त्याला कळायला एक अख्खी बस जावी लागली. मग त्याचे दोन्ही गाल हसले आणि कोटाची बाही उगाच ओढत तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही चाखत असताना मला कायमचं इथेच उभं राहावं लागणार?"

"अकरा ते बारा, रोज. दुकानाचा प्रश्न आहे."

"आणि बारानंतर?"

मी पलीकडे पाहिलं. मामा काचेला नाक लावून उभा होता. मी बघितल्याबरोबर फडकं घेऊन काच पुसायला लागला.

"रविवारी दुकान बंद असतं," मी म्हणाले. "चाखायचं काही नसतं. लवंग लावून ये."